बाहेर न आलेल्या सॉफ्टवेअरची चाचणी: प्रोग्रामिंग न येणाऱ्याला यात जागा आहे का?

काना_मात्रा
नमस्कार मंडळी. मी मुद्रितशोधनाचं काम करते. दिवाळी अंक, मार्गदर्शिका, अधूनमधून एखादं चरित्र, अशी प्रुफं घरी बसून तपासते. संगणकाशी संबंध कामापुरता: टंकलेखन, पीडीएफवर खुणा, मेल.

एक गोष्ट बरेच दिवस खुपते आहे. फोन अपडेट करा, नवा कीबोर्ड घ्या, लेखनाचा नवा प्रोग्राम घ्या, मराठीचं कुठेतरी बिनसलेलं असतंच. 'सर्वांत'मधला रफाराशेजारचा अनुस्वार वरून कापला जातो. 'दऱ्या' लिहायला जावं तर 'दर्या' उमटतं. समोर दिसत असलेला 'ॲ'चा शब्द शोधला तर 'सापडला नाही'. आपण चार लोकांजवळ कुरकुरतो आणि तसंच चालवून घेतो.

माझा भाचा म्हणाला, "मावशी, हे बाहेर येण्याआधी कितीतरी लोक वापरून बघत असतात. पगारी नव्हे, हौशी. तूही जा की." तेव्हापासून डोक्यात घोळतंय. पुस्तक छापून आल्यावर शुद्धिपत्र चिकटवण्यापेक्षा चूक प्रुफातच धरलेली बरी, हे तर माझं रोजचं काम. तर जाणकारांनी सांगावं: प्रोग्रामिंगचं ओ की ठो न कळणाऱ्या बाईला तिथे घेतात का? सुरुवात कुठून करायची? रोजच्या लॅपटॉपला धोका किती? आणि मुख्य म्हणजे, आपण कळवलेलं कुणी वाचतं का?

रानवारा
+१. मलाही हेच विचारायचं होतं. वाचत बसतो.

कंपाइलर_काका
ताई, जागा आहे. प्रोग्रामिंग येत नाही हे तर उलट बरंच. आम्हा लोकांना एखादी खिडकी अडखळते असं दिसलं की हात आपसूक दुसऱ्या वाटेने जातो आणि चूक तशीच राहते. तुम्ही तिथेच थांबाल. चाचणीला असाच माणूस हवा असतो.

ढोबळ टप्पे असे. अल्फा म्हणजे कच्चं, रोज बदलणारं. बीटा म्हणजे सोयी ठरल्या, आता चुका वेचायच्या. मग रिलीज कॅन्डिडेट, म्हणजे आरसी: यात गंभीर काही निघालं नाही तर हेच सगळ्यांना मिळणार. ब्राउझरवाले याला चॅनेल म्हणतात. फायरफॉक्सचं नाइटली दिवसातून दोनदा नव्याने बनतं. त्यातलं काम साधारण चार आठवड्यांनी बीटात उतरतं आणि तिथून सुमारे तेवढ्याच काळाने सर्वांच्या हाती पडतं. क्रोममध्ये, कच्च्यापासून पक्क्याकडे, कॅनरी, डेव्ह, बीटा, स्टेबल. विंडोजचा इनसायडर हा हौशींनी चाचणी करायचा कार्यक्रम २०१४ पासून आहे. ॲपलने त्याच वर्षी योसेमिटी या आवृत्तीच्या वेळी मॅकचा बीटा लोकांना खुला केला, २०१५ मध्ये आयफोनचा. अँड्रॉइडचा बीटा मुख्यतः पिक्सेल फोनवर मिळतो. यातल्या बहुतेक ठिकाणी परीक्षा, मुलाखत काही नसते. नाव नोंदवा, उतरवून घ्या, वापरा.

तुम्हाला मी लिब्रेऑफिस हा लेखनाचा मोफत प्रोग्राम सुचवेन. दर सहा महिन्यांनी, फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या सुमारास, मोठी आवृत्ती येते. त्याआधी अल्फा, बीटा आणि आरसी मिळतात. अल्फा-बीटा 'लिब्रेऑफिसडेव्ह' या वेगळ्या नावाने बसते, तुमच्या नेहमीच्या आवृत्तीला हात लागत नाही. आरसी मात्र मूळ आवृत्तीच्या जागी बसते, तेवढं लक्षात ठेवा. आणि तिथे तुमची नोंद कुणाच्या कपाटात जात नाही. बगझिला या चुकांच्या जाहीर नोंदवहीत सर्वांना दिसते, तुम्हालाही कळतं की तिचं पुढे काय झालं.

त्रिज्या
माझं मत वेगळं आहे, स्पष्टच लिहिते. मी पगार घेऊन चाचणी करते, नोकरीच ती आहे. हे कौशल्याचं काम आहे. अब्जावधींचा नफा कमावणाऱ्या कंपन्यांनी ते हौशी लोकांकडून फुकट करून घ्यायचं आणि आपण 'लवकर बघायला मिळालं' म्हणून खूश व्हायचं, हे मला पटत नाही. तुमचा वेळ, तुमचा डेटा पॅक, तुमचा फोन. शिवाय कच्च्या आवृत्त्या वापराची माहितीही जास्त गोळा करतात. कानाताई, तुमच्या डोळ्याला बाजारात किंमत आहे. ती अशी वाटू नका.

सांगलीचा_हळद्या
त्रिज्याताई, मोठ्या कंपन्यांचं बरोबर आहे. पण आमच्यासारख्याचं काय? मी एकटा ॲप बनवतोय, गावातल्या दूध संकलनाचा हिशेब ठेवणारं. सकाळ-संध्याकाळचं लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), दर, दहा दिवसांचं बिल. गुगलचा नियम असा आहे की १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक डेव्हलपर खात्याला ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी बंदिस्त, म्हणजे बोलावलेल्यांपुरती, चाचणी घ्यावी लागते. आधी किमान २० जण लागायचे, डिसेंबर २०२४ पासून १२. त्यांनी सलग १४ दिवस चाचणीत नाव टिकवायचं. मधेच कुणी बाहेर पडला की माझी पंचाईत.

कंपनीत १२ माणसं गोळा करणं सोपं आहे, गावात नाही. म्हणजे माणसं आहेत हो, पण प्रत्येकाचा ईमेल पत्ता कुणीतरी पोराने काढून दिलेला आणि पासवर्ड विसरलेला!

चकलीवाली
मग इथेच मागा की माणसं. मी येते. माहेरी डेअरी आहे, फॅटचा हिशेब मला झोपेतही येतो.

सांगलीचा_हळद्या
ताई, देव पावला! व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

कंपाइलर_काका
हळद्या, एक सांगून ठेवतो. 'तू माझं ॲप टाक, मी तुझं टाकतो' अशी देवाणघेवाण करणारे गट आहेत. त्यांच्या नादी लागू नकोस. १४ दिवसांनंतर सर्वांसाठी परवानगी मागताना गुगल विचारतं की चाचणीत लोकांनी काय सांगितलं आणि तू त्यावर काय बदललंस. नुसती ॲप टाकून ठेवणारी १२ माणसं असतील तर लिहिणार काय? चकलीवालीसारखी दोन माणसं त्यापेक्षा लाख मोलाची.

त्रिज्या, तुझ्या मुद्द्याला टाळत नाही. ऑक्टोबर २०१८ चं उदाहरण तुलाही आठवत असेल. विंडोज १० चं १८०९ अपडेट आलं आणि काही लोकांच्या डॉक्युमेंट, फोटोंच्या फोल्डरांमधल्या फाइली पुसल्या गेल्या. काही दिवसांतच अपडेट मागे घ्यावं लागलं, ते पुन्हा आलं नोव्हेंबरमध्ये. वाईट याचं वाटतं की काही इनसायडरांनी हे आधीच कळवलं होतं. पण नोंदी मोजक्या होत्या, 'हे मलाही होतं' अशी इतरांची मतं कमी, आणि त्या ढिगाऱ्यात राहून गेल्या. नंतर फीडबॅक हबमध्ये, म्हणजे विंडोजच्या चुका कळवायच्या ॲपमध्ये, 'हे किती गंभीर आहे' ते सांगायची सोय केली गेली.

त्रिज्या
काका, हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण झालं! हौशी माणसाने वेळेवर सांगितलं आणि वाचणारं कुणी नव्हतं. पगारी चाचणीत 'माहिती पुसली जाते' अशी नोंद आली असती तर प्रकाशन तिथेच थांबलं असतं.

कंपाइलर_काका
मान्य आहे. म्हणून तर ताईंना मी सार्वजनिक बगझिला असलेला प्रकल्प सुचवला. आणि जिथे मतांवर ठरतं तिथे स्वतः नवी नोंद करण्याआधी आधीची शोधून तिला मत देणं जास्त उपयोगी, हेही त्यातून कळतं.

भाग्यनगरकर
हैदराबादेत राहतो म्हणून हे आठवलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये आयफोनवर तेलुगूतलं एक अक्षर, 'जोडाक्षर अधिक स्वरचिन्ह' अशा घडणीचं, दिसलं की ॲप बंद पडायचं. कुणी ते मेसेजमध्ये पाठवलं की समोरच्याला तो संवाद उघडताच येईना. आमच्या ऑफिसात पोरं एकमेकांना पाठवून गंमत करत होती, मग गंमत संपली. आयओएस ११.२.६ मध्ये ते दुरुस्त झालं. आठ कोटींच्या आसपास लोकांची मातृभाषा आहे तेलुगू. बीटा काळात रोज तेलुगूत लिहिणारी पुरेशी माणसं असती तर हे बाहेर पडेपर्यंत राहिलं असतं का, हा प्रश्न मला अजून पडतो. मराठीचं यापेक्षा वेगळं काही नाही.

युनिकोडवेडा
कानाताईंच्या तक्रारींचं मूळ सांगतो, कारण चाचणी करताना ते माहीत असलं की नोंद नेमकी होते.

'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी लोक 'अ' टाकून पुढे चंद्र जोडायचे, अजूनही काही कीबोर्ड तेच करतात. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. यंत्राच्या लेखी एक आहे एकच अक्षर, दुसरी आहे दोन चिन्हांची जोडी. युनिकोडने त्यांना समतुल्य मानलेलं नाही. त्यामुळे प्रोग्रामने मुद्दाम सोय केली नसेल तर एक टाकून दुसरं सापडत नाही.

'ऱ्य'चं तसंच. एक मार्ग म्हणजे नुक्त्याचा 'ऱ', हलन्त आणि 'य'. दुसरा म्हणजे साधा 'र', हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग 'य'. दिसायला दोन्हीकडे तोच र. ज्याने दुसऱ्या मार्गाने लिहिलंय त्याच्या मजकुरात पहिल्या मार्गाने शोधणाऱ्याला काही मिळत नाही. आणि एखाद्या प्रोग्रामने ते अदृश्य चिन्ह 'फालतू' समजून गाळलं की 'दऱ्या'चं 'दर्या' होतं.

अकारविल्हे यादी लावून बघा. आपल्या वर्णमालेत शेवटी ह, ळ, क्ष, ज्ञ. यंत्राने नुसता युनिकोडचा क्रम धरला तर 'ळ' जाऊन बसतो ल आणि व यांच्या मध्ये, 'क्षमा' जाते क च्या घरात आणि 'ज्ञान' ज च्या.

मी नवीन काही तपासायला घेतलं की आधी ही ओळ चिकटवतो: दऱ्याखोऱ्यांत ऱ्हास, वाङ्मय, उच्छ्वास, तज्ज्ञ, कर्तृत्व, हृदय, दुःख, ॲसिड, ऑगस्ट, क्ष-किरण, सर्वांत, कीर्ती. मग तीच ओळ हाताने टंकतो, मागे मागे पुसतो, कर्सर एकेक घर सरकवतो, पीडीएफ करून त्यातून परत नकलतो. निम्म्याहून जास्त दोष एवढ्यातच वर येतात.

अंबाडी
वाचनखूण साठवली. ही ओळ वहीत उतरवून घेतली.

मांडवीकाठ
गोव्याहून. कोकणी देवनागरीत लिहिणाऱ्यांना हेच सगळे त्रास आहेत. मराठीतली एखादी गोष्ट मुळातून दुरुस्त झाली, म्हणजे अक्षरजुळणी करणाऱ्या घटकात, तर ती आम्हालाही आपोआप मिळते. त्यामुळे नोंद करताना शक्य असेल तर 'देवनागरीतल्या इतर भाषांतही होतं' एवढं लिहा. नोंदीचं वजन वाढतं. मी कोकणीचा नमुना जोडायला केव्हाही तयार आहे.

ऐकणारा
मी पूर्ण अंध आहे, बँकेत नोकरी करतो. संगणक एनव्हीडीए या पडदावाचकावर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर, चालवतो. २००६ पासून चालू असलेला मुक्त प्रकल्प आहे तो, म्हणजे कुणीही वापरावा, सुधारावा असा. त्याच्याही अल्फा, बीटा, आरसी निघतात. इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवर वेगळी प्रत ठेवून तपासता येतं, त्यामुळे कामाची प्रत शाबूत राहते.

त्रिज्याताईंचा मुद्दा मला समजतो, तरी माझ्यापुरतं उत्तर वेगळं येतं. एखाद्या नव्या आवृत्तीत बटणाला नाव द्यायचं राहिलं तर डोळस माणसाला चित्र दिसतं, त्याचं काही अडत नाही. मला फक्त 'बटण' ऐकू येतं. पुढचं, 'बटण'. त्यापुढचं, 'बटण'. यातलं पाठवायचं कुठलं आणि पुसायचं कुठलं? प्रकाशनानंतर ते दुरुस्त व्हायला महिने जातात आणि तोवर माझं काम दुसऱ्याला विचारून करावं लागतं. बीटात कळवलं की कित्येकदा बाहेर येण्याआधीच नाव लागतं, कारण प्रोग्रामरच्या दृष्टीने ते एका ओळीचं काम असतं. तो वेळ मी कुणाला फुकट दिला असं मला वाटत नाही. माझं स्वतःचं काम स्वतः करता यावं म्हणून तो खर्च केला.

मराठीसाठी इथे करण्यासारखं खूप आहे. मराठी उच्चार, संख्या, तारखा, विरामचिन्हं कशी वाचली जातात हे ऐकून सांगणारी माणसं हवी आहेत. आणि त्यासाठी अंध असायलाच हवं असं नाही, कान पाहिजेत.

त्रिज्या
ऐकणारा, तुमचा प्रतिसाद वाचून थोडी थांबले. तुमच्या बाबतीत 'फुकट' हा शब्द लागू पडत नाही, मागे घेते. मोठ्या कंपन्यांबद्दलचं म्हणणं कायम आहे. मुक्त प्रकल्पांत मात्र मीही मदत करेन.

डोंबिवली_फास्ट_लोकल
धोक्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. शेजारच्या मुलाने हौसेने फोनवर प्रणालीचा बीटा टाकला. दुसऱ्या दिवशी त्याच्या बँकेचं ॲप उघडेना, महिनाअखेर, घरभाडं द्यायचं होतं. परत जायला निघाला तर कळलं की अँड्रॉइडच्या बीटातून मधेच बाहेर पडलं की फोन पूर्ण पुसला जातो. अंतिम आवृत्ती येईपर्यंत थांबून, पुढचा बीटा न घेता बाहेर पडलं तर पुसला जात नाही. हे आधी वाचायला हवं.

आयफोनवाल्यांनी बीटा टाकण्याआधी संगणकावर बॅकअप घेऊन तो 'अर्काइव्ह' करून, म्हणजे पुढच्या बॅकअपने पुसला जाणार नाही असा, ठेवावा. बीटावर घेतलेला बॅकअप जुन्या आयओएसवर परत चढत नाही. विंडोजच्या डेव्ह, कॅनरी चॅनेलमधून परतायचं तर सहसा सगळं नव्याने टाकावं लागतं. मुख्य फोनवर प्रणालीचा बीटा घ्यायचाच नाही, असं माझं ठाम मत. सुट्या ॲपचा बीटा घेतला तर चालतो. प्ले स्टोअरवर ॲपच्या पानावर खाली 'बीटात सामील व्हा' असं असतं, नको वाटलं तर तिथूनच बाहेर पडता येतं.

रानवारा
आणि लॅपटॉप एकच असेल तर?

कंपाइलर_काका
तर व्हर्च्युअलबॉक्स. लॅपटॉपच्या आत दुसरा संगणक चालवायचा, त्याचा 'स्नॅपशॉट' घ्यायचा, मग आत काय हवं ते मोडा. एका क्लिकवर मागच्या स्थितीत परत येता. आठ जीबी रॅम असेल तर हलकं लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच पण मोफत प्रणाली, व्यवस्थित चालतं. उबुंटू या लिनक्सची नवी आवृत्ती एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येते, त्याआधी रोज बनणाऱ्या प्रती अशाच तपासता येतात. फायरफॉक्स नाइटलीला याचीही गरज नाही, ते शेजारी स्वतःच्या वेगळ्या प्रोफाइलसह (वाचनखुणा, पासवर्ड, सेटिंग यांच्या संचासह) बसतं. मात्र नाइटलीत वापरलेलं प्रोफाइल जुन्या फायरफॉक्समध्ये उघडायला जाऊ नका, तो नकार देतो.

वऱ्हाडी_ठेचा
डेटाचं पण सांगा न भाऊ. आमच्याकडे वायफाय नाही, रोजचा दीड जीबी. दिवसातून दोन दोन अपडेट आले तर रात्रीले व्हिडिओ कॉल कसा करायचा? मी मंग बीटावर राहिलो, नाइटली सोडलं. बीटाचे अपडेट कमी येतात आन् चुका तरीही सापडतात.

पाय_चा_अंक
अवांतर: चुका सांगणाऱ्याला पैसे देण्यात संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथचा हात कुणी धरणार नाही. आपल्या पुस्तकांतली चूक दाखवणाऱ्याला ते २००८ पर्यंत २.५६ डॉलरचा धनादेश देत असत. २५६ सेंट म्हणजे त्यांच्या हिशेबाने षोडशमान (दहाऐवजी सोळावर चालणाऱ्या) पद्धतीतला एक डॉलर. पुष्कळांनी तो धनादेश वटवलाच नाही, फ्रेम करून भिंतीवर लावला. आणि त्यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रामच्या आवृत्त्यांचे आकडे पायच्या किमतीकडे सरकतात, ३.१४१५९ असे, दर दुरुस्तीला एक अंक पुढे. मी गणित शिकवतो, मुलांना हे सांगितलं की वर्ग जागा होतो.

अंबाडी
अवांतरात भर: जीमेल एप्रिल २००४ ते जुलै २००९ पर्यंत 'बीटा'च होतं. म्हणजे आपण सगळेच तेव्हा चाचणी करत होतो!

सदाशिव_पेठी
एक इशारा. 'घरबसल्या ॲप टेस्टिंग, रोज दोन हजार' असे निरोप टेलिग्राम, व्हॉट्सॲपवर फिरतात. आधी थोडे पैसे देतात, मग 'प्रीमियम टास्क'साठी तुमच्याकडून भरून घेतात. ती फसवणूक आहे. कुणी थेट एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲप बसवणारी, फाइल पाठवली आणि 'टेस्ट करा' म्हटलं तर ती उघडायची नाही. ट्रॅफिक चलनाच्या नावाने असल्याच एपीके पाठवून लोकांची खाती रिकामी केली गेली आहेत. खरी चाचणी प्ले स्टोअरच्या चाचणी दुव्यातून, ॲपलच्या टेस्टफ्लाइटमधून किंवा प्रकल्पाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून होते. कुणीही तुमच्याकडून शुल्क किंवा ओटीपी मागत नाही.

दर्यावर्दी
+१००. आणि बंदिस्त चाचणीत गोपनीयतेची अट असेल तर ती पाळा. मी एका खेळाच्या चाचणीत होतो, ग्रुपमधल्या एकाने स्क्रीनशॉट टाकला आणि त्याचं खातं बंद झालं. करारात लिहिलेलं असतं ते.

काना_मात्रा
सगळे प्रतिसाद सावकाश वाचले. ऐकणारा, तुमचा दोनदा वाचला. त्रिज्या, तुमचंही पटलं, म्हणून मुक्त प्रकल्पापासूनच सुरुवात करायची ठरवली आहे. आता एवढं सांगा: नोंद लिहायची कशी? मी प्रुफात समासात खूण करते आणि पुढे जाते. इथे काय अपेक्षा असते?

त्रिज्या
हे मी सांगते, हा माझाच प्रांत.

'मराठी नीट दिसत नाही, कृपया लक्ष द्यावे.' अशा नोंदीचं कुणी काही करू शकत नाही. वाचणारा बर्लिन किंवा ब्राझीलमध्ये बसलेला असू शकतो, त्याला 'नीट' म्हणजे काय हेच ठाऊक नाही.

आधी आवृत्ती आणि प्रणाली. लिब्रेऑफिसमध्ये 'मदत'च्या शेवटच्या पर्यायात आवृत्तीची माहिती नकलण्याचं बटण आहे, फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या पट्टीत about:support टंकलं की उघडणारं पान. मग पायऱ्या, इतक्या बारीक की देवनागरी न येणाऱ्याने नकलून चिकटवूनही तीच चूक त्याच्यासमोर यावी. मग काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, दोन वेगळ्या वाक्यांत. दरवेळी होतं की कधीमधी. आधीच्या आवृत्तीत होत होतं का? हे शेवटचं फार मोलाचं, कारण पूर्वी चालत असलेलं मोडलं असेल तर नेमक्या कुठल्या बदलाने मोडलं ते शोधता येतं. चित्र जोडा आणि चित्रावर चूक आहे तिथे गोल करा. नमुना फाइल जोडा, पण कामाची नको, ग्राहकाचा मजकूर त्यात जायला नको. एका नोंदीत एकच चूक.

इंग्रजी साधं असलं तरी चालतं. विंडोजवाल्यांसाठी: विंडोज आणि एफ एकत्र दाबलं की फीडबॅक हब उघडतं, स्क्रीनशॉटसकट.

काना_मात्रा
मंडळी, पहिली नोंद केली. प्रोग्रामचं नाव इथे मुद्दाम घेत नाही, चुकीची शहानिशा अजून व्हायची आहे. बीटा आवृत्ती टाकली, युनिकोडवेड्यांची ओळ चिकटवली. मजकुरात सगळं उत्तम. बाजूला शीर्षकांची यादी दाखवणारी पट्टी असते, तिथे मात्र 'सर्वांत'चा रफार आणि अनुस्वार वरून अर्धे कापलेले. 'कीर्ती'ची वेलांटी सपाट. म्हटलं माझ्याच फॉन्टचा दोष असेल, तर फॉन्ट बदलून पाहिला, तेच. मग भाच्याने पडद्याचं प्रमाण १२५ टक्क्यांवरून १०० वर आणायला सांगितलं, आणि सगळी अक्षरं पूर्ण दिसली! परत १२५ केलं, परत कापली. जुन्या आवृत्तीत १२५ वरही ठीक आहे. त्रिज्या म्हणाल्या तसं सगळं लिहिलं, चित्रावर लाल गोल केला. नोंदीपुढे 'अनकन्फर्म्ड' असं आलंय. म्हणजे त्यांना खरं वाटलं नाही का?

कंपाइलर_काका
ताई, तसं नाही! दुसऱ्या कुणीतरी तीच चूक स्वतंत्रपणे आपल्या संगणकावर घडवून बघेपर्यंत ती स्थिती असते. कुणी दुजोरा दिला की 'न्यू' होते. तुम्ही प्रमाण बदलून पाहिलंत हे फार मोठं काम केलंत, निम्मा शोध तिथेच संपला. दुवा व्यनि करा, आम्ही इथले चारजण बघतो.

मांडवीकाठ
दुवा मलाही. कोकणीचा नमुना जोडतो.

सांगलीचा_हळद्या
माझ्याकडची बातमी: बारा माणसं जमली, त्यातली पाच या धाग्यावरची. चकलीवाली ताईंनी पहिल्याच दिवशी पकडलं की म्हशीच्या दुधाला गाईचा दर लागतोय. फॅट ६ च्या वर गेलं की कोष्टक पहिल्या ओळीवर परत येत होतं. हे तसंच बाहेर गेलं असतं तर गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

चकलीवाली
आणि बिलात 'लिटर'चा रकाना तीन अंकी झाला की 'रुपये'वर चढतो. तेही बघ रे.

युनिकोडवेडा
कानाताई, मी लिनक्सवर करून पाहिलं. १०० वर ठीक, १२५ आणि १५० वर कापलं जातं, अगदी तुम्ही म्हणता तसं. मांडवीकाठ यांच्या कोकणी नमुन्यातही तेच. तिकडे दुजोरा लिहिला, स्थिती 'न्यू' झाली आहे. आता एका गोष्टीत तुमची मदत हवी. माझ्याकडे विंडोज नाही आणि तिथल्या एकाने विचारलंय की १७५ वर काय होतं, आणि पट्टीत इंग्रजी शीर्षक असतानाही अक्षरं वरून कापली जातात की फक्त देवनागरीतच. दोन्ही चित्रं काढून त्याच नोंदीत जोडाल का?